लेव्हल बघताना

खालची गिरणी साडेआठला थांबते.
त्याआधी सिडकोतल्या या खोलीत
काहीही बोललं तरी त्यात थोडा गहू येतो.
तोवर मी वायरी लावून घेते.
माईक मिक्सरमध्ये, मिक्सर लॅपटॉपमध्ये,
लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर.
खिडकीला दोन चादरी, कपाटाचं दार सताड उघडं,
कारण लटकलेले ड्रेस आवाज पितात
असं कुणीतरी सांगितलं आणि ते खरं निघालं.
पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढला
आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली,
म्हणजे निघताना प्लग लावायला विसरणार नाही.

पडद्यावर दोन चौकटी.
एकीत त्र्यंबककाका वडके, तांबट लेनचे,
आता लेकीकडे आइंडहोव्हनला, स्वेटरवर स्वेटर.
दुसरीत शकीलभाई कल्हईवाले, मालेगाव,
पाठीमागे भिंत, भिंतीपलीकडे कुणाचे तरी माग.
बावीस वर्षं एकानं हंडे ठोकले,
दुसऱ्यानं ते आतून उजळले.
मग घरोघरी स्टील आलं
आणि कुणी कुणाला फोन केला नाही.

"काका, जरा हळू. काटा लाल होतोय."
"अगं, आमच्या गल्लीत हळू बोलणाऱ्याला
भाकरसुद्धा वाढली नसती कुणी."

मग घुमायला लागलं. काकांचे शब्द
मालेगावला जाऊन काकांकडेच परत,
न स्वीकारलेल्या आहेरासारखे.
यावर उपाय आहे, दोन रात्री जागून वाचलाय:
ज्याच्या त्याच्या कानात
तो स्वतः सोडून सगळं पाठवायचं.
शकीलभाईंना काका आणि मी.
काकांना शकीलभाई आणि मी.
बटण फिरवलं, घुमणं थांबलं.
"आता मला मीच ऐकू येईना," काका म्हणाले.
"हातोडीखाली चाळीस वर्षं असंच होतं. चालेल."

शेवटचं काम टाळीचं.
तिन्हीकडे वेगवेगळं रेकॉर्ड होतं,
नंतर जुळवायला एक खूण लागते.
तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम.
शकीलभाईंनी वाजवली. मी वाजवली.
काकांचा उजवा हात टेबलाखालून वर आलाच नाही.
"मार्चपासून तसाच आहे," मागून सुनीती म्हणाली,
आणि मी उगाच प्रश्नांचा कागद सारखा केला.
"तांब्या आण गं," काका म्हणाले.
डाव्या हातानं चमचा मारला.
चमचा हलला. तांब्या हलला.
आवाज आला नाही.

पुन्हा. नाही.
माईक बघितला, वायर बघितली, शिव्या दिल्या मनात.
मग सापडलं. ॲपच्या एका कोपऱ्यात
कुणी न विचारता टिक करून ठेवलेलं:
गोंगाट काढून टाका.
माणूस ठेवत होतं ते,
ठोका टाकून देत होतं.

टिक काढली.
तशी मालेगावहून मागांची खटखट शिरली,
आइंडहोव्हनहून हीटरची शीळ,
माझ्या कपाटातला एक हँगर,
आणि या सगळ्यातून
ठण्ण्.

शकीलभाईंनी फोन उचलून कानाला लावला.
चेहरा गेला,
चौकटभर नुसता कान दिसायला लागला.
"वडकेशेठ, पुन्हा मारा. गळ्याशी नको, पोटाशी."
ठण्ण्.
"कल्हई गेलीय याची.
ताक नाही ना ठेवत यात?"
"ठेवतो की."
"ठेवू नका."
"मग येतोस का भट्टी घेऊन?"
यावर दोघंही हसले, आधी एक,
अर्ध्या सेकंदानं दुसरा,
आणि काटा पुन्हा लाल झाला. मी हात लावला नाही.

ही नुसती लेव्हल बघणं चाललेलं.
मुलाखत अजून सुरू व्हायची होती,
पहिला प्रश्न होता, तुमच्या बालपणाविषयी सांगा.
रेकॉर्डचं बटण मात्र मी गिरणी थांबल्या थांबल्या दाबलं होतं,
सवयीनं.

साडेदहाला प्लग लावला.
किल्ली हातात बराच वेळ गार लागत राहिली.